जपानी तलवारी आणि त्सुबा : विकत घेण्याआधी पाहायचं कसं?

निशिकासाईकर (धागाकर्ता)

जपानी तलवारींबद्दल विचारणारे बरेच व्यनि (खाजगी निरोप) साठलेत. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा धागा काढलेला बरा. मी जाणकार वगैरे नाही. तोक्योत नोकरी, सुट्टीच्या दिवशी संग्रहालयं आणि एका अभ्यासमंडळात मागच्या रांगेत बसणं, एवढीच पात्रता.

व्यनिंमधला प्रश्न एकच असतो : पहिली तलवार कोणती घ्यावी? माझं उत्तर सहसा कुणाला आवडत नाही. वर्षभर काहीच घेऊ नका. पाहा. अस्सल, नीट पॉलिश केलेली पाती इतकी पाहा की वाईट पातं समोर आलं की आपोआप खटकलं पाहिजे. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे आधी ऑनलाइन लिलावातली गंजकी, स्वस्त, 'मासामुने' अशी सही असलेली उचललीत, तर डोळ्याला तेच वळण लागतं आणि ते मोडायला फार वेळ जातो.

मासामुनेचं नाव मुद्दाम घेतलं. कामाकुरा काळाच्या शेवटी, म्हणजे इ.स. १३०० च्या आसपास, सागामी प्रांतात होऊन गेलेला हा लोहार. त्याने क्वचितच सही केली. नि:संशय मानली जाणारी सह्यांची पाती अगदी मोजकी आहेत, आणि त्याच्या नावाची खोटी पाती मात्र गावोगाव. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) नागासोने कोतेत्सु या लोहाराचीही तीच गत. अशा खोट्या सहीला गिमेई म्हणतात. ती काल कोरलेली असेल असंही नाही. तीनशे वर्षांपूर्वीही लोक भाव चढवायला, सरदाराला नजराणा द्यायला नावं कोरतच होते. म्हणजे सही जुनी असूनही खोटी असू शकते.

म्हणूनच इथले अभ्यासक सही शेवटी पाहतात. कांतेईच्या, म्हणजे पातं पाहून लोहार ओळखण्याच्या, बैठकीत पात्याचा मुठीत जाणारा भाग, नाकागो, झाकलेलाच असतो. आधी पात्याला वाकून नमस्कार, मग ते हातात घ्यायचं. पोलादाला बोट लावायचं नाही, पात्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही. श्वासाची वाफ आणि बोटाचा घाम, दोन्हींनी गंज धरतो. पाहून झालं की लोहाराचं नाव कागदावर लिहून द्यायचं. बरोबर असेल तर 'अतारी' म्हणतात. नाव हुकलं पण अगदी जवळच्या लोहारावर बोट ठेवलं असेल तर 'दोझेन', म्हणजे जवळपास पूर्ण गुण.

पाहण्याचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी आकार. पातं हात लांब करून उभं धरा आणि नुसती बाह्यरेषा पाहा. बाक मुठीजवळ जास्त, टोक लहान, पातं वर निमुळतं होत गेलेलं, तर मन हेइआनच्या अखेरीकडे किंवा कामाकुराच्या सुरुवातीकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या आसपास, जायला हवं. घोडेस्वाराने धार खाली ठेवून कमरेला लटकवायची ती ताची. रुंद पातं आणि लांबलचक टोक, तर चौदाव्या शतकातला नानबोकुचो काळ. बाक टोकाकडे सरकलेला, तर मुरोमाची, म्हणजे पंधरावं-सोळावं शतक. जवळजवळ सरळ, टोकाकडे अरुंद, तर कानबुन, म्हणजे १६६१ ते १६७३ च्या आसपास. गोम अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुइशिन्शी मासाहिदे आणि त्याच्यामागून आलेल्यांनी जुने आकार पुन्हा घडवायला घेतले. त्यामुळे चौदाव्या शतकातला वाटणारा राक्षसी आकार एकोणिसाव्या शतकातलाही निघतो. तिथे मग पोलाद पाहावं लागतं.

दुसरं पोलाद, हादा. घड्या घालून घालून ठोकल्यामुळे पृष्ठभागावर लाकडासारखे रेषांचे नमुने उमटतात. इतामे, मोकुमे, सरळ रेषांचा मासामे. यामातो घराण्यात मासामेचा कल दिसतो. बिझेनच्या जुन्या पात्यात धारेच्या वर धुक्याचा पट्टा तरंगल्यासारखा दिसतो, त्याला उत्सुरी म्हणतात. फोटोत तो जवळजवळ कधीच येत नाही. प्रत्यक्ष पाहा म्हणून मी ओरडतो ते याचसाठी.

तिसरी धारेची रेषा, हामोन. पात्यावर माती लिंपतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. तापवून पाण्यात घातलं की धार झटकन थंड होऊन कडक बनते, पाठ लवचीक राहते. त्या दोघांमधली सीमा म्हणजे हामोन. सीमेवरचे कण सुटे सुटे चमकले तर निए, नुसतं धुकं दिसलं तर नियोई. सोशूवाले (म्हणजे सागामीचे) निएत रमतात, बिझेनवाले नियोईत. यामाशिरो आणि मिनो धरून लोहारकामाच्या पाच परंपरा झाल्या.

आता खरी मेख. आजच्या पॉलिशमध्ये धारेलगत जो पांढरा लाटांचा पट्टा दिसतो ना, तो बहुधा हामोन नसतो! पॉलिश करणारा शेवटी बारीक दगडाच्या चकतीने हामोनच्या अंगाअंगाने तो भाग पांढरा करतो, त्याला हादोरी म्हणतात. तो त्याचा हात, लोहाराचा नव्हे. खरा हामोन पाहायचा तर दिवा एकच हवा, पातं जवळजवळ दिव्याच्या दिशेने रोखायचं आणि हळूहळू कलतं करायचं. एका ठरावीक कोनात पांढरा पट्टा विझतो आणि आतली बारीक रेषा उजळते. त्यासाठी संग्रहालयाच्या काचेसमोर गुडघे वाकवून, मान तिरकी करून उभं राहावं लागतं. लोक बघतात. बघू देत.

---

आग्यावेताळ

लेख आवडला. पण पुण्यात बसून पाहायचं कुठे? आम्हाला काय रोज तोक्योतल्या र्‍योगोकूला जाता येतंय का!

---

निशिकासाईकर

वेताळा, प्रश्न रास्त आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी दालन आहे, तिथे तलवारीही मांडलेल्या आहेत. मात्र अभ्यासासाठी लागणारा उजेड आणि पॉलिश तिथे असेलच असं धरून जाऊ नका.

जपानला कधी आलात तर दोन ठिकाणं चुकवू नका. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या होनकान इमारतीतली तलवारींची खोली. तिथली मांडणी बदलत राहते, नशीब असेल तर 'मिकाझुकी मुनेचिका' किंवा 'दोजिगिरी यासुत्सुना' समोर असेल. दुसरं र्‍योगोकूचं तलवार संग्रहालय. ते निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेचं, २०१८ पासून जुन्या यासुदा बागेत आहे. सुमो पाहायला जाणार्‍यांना पायी जाण्याइतकं जवळ. वेळ असेल तर ओकायामा भागातलं ओसाफुने. बिझेनच्या लोहारांचं मूळ गाव तेच, आणि 'सानचोमो' ही राष्ट्रीय ठेव सेतोउची नगरपालिकेने २०२० मध्ये लोकवर्गणी काढून विकत घेतली, ती तिथलीच.

---

शर्वरी_न्यूजर्सी

अमेरिकेतल्यांसाठी भर घालते. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सकडे बिगेलो यांनी जमवलेल्या पात्यांचा मोठा संग्रह आहे, आणि न्यूयॉर्कच्या मेटमध्ये शस्त्रदालनात जपानी विभाग आहे. पण सगळ्यात जास्त शिकले ते तलवारींच्या वार्षिक मेळाव्यांत. टेबलावर पाती मांडलेली असतात, मालकाला विचारून हातात घेता येतात. विचारल्याशिवाय म्यानातून काढाल तर कुणी परत बोलवणार नाही. अर्धंच उपसून पाहणंही असभ्य मानतात. पूर्ण काढा नाहीतर राहू द्या.

कागदांबद्दल कुणीतरी लिहा. नवीन माणसं तिथेच फसतात.

---

निशिकासाईकर

शर्वरीताई, बरोबर. वर म्हटलेल्या संस्थेचे तज्ज्ञ पातं पाहून प्रमाणपत्र देतात. चार पायर्‍या : होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. पहिल्या दोन बर्‍याच तलवारींना मिळतात, जुयोपासून गाळणी फार बारीक. पहिल्या दोन पायऱ्या १९८२ पासूनच्या. त्याआधीचे 'कीचो' मालिकेचे जुने कागद बाजारात अजून फिरतात, आणि त्यातले काही जाणकार डोळे मिटून मानत नाहीत. असं पातं घ्यायचं झालं तर नव्याने तपासून घेण्याच्या बोलीवर घ्या.

आणखी एक. जपानमधल्या प्रत्येक तलवारीसोबत सरकारी नोंदणीपत्र, तोरोकुशो, असतंच. विक्रेते ते प्रमाणपत्र असल्यासारखं मिरवतात. त्यात लांबी, बाक, छिद्रं, सही यांची नोंद असते. सही खरी की खोटी यावर ते अवाक्षर काढत नाही. तलवार देशाबाहेर नेताना ते परत करून निर्यातीचा दाखला घ्यावा लागतो.

---

पोलादपूर

आपल्याकडच्या जौहरदार पात्यांवरही पाण्यासारख्या लहरी असतात. जपानी हादा आणि ते एकच का? आणि ते 'हजारो घड्या' म्हणतात ते खरं का?

---

निशिकासाईकर

एकच नव्हे. दिसायला भाऊ, जन्म वेगळा. आपलं उक्कू, म्हणजे ज्याला बाहेर वुट्झ म्हणतात ते, मुशीत बंद करून वितळवलेलं पोलाद. ते सावकाश निवताना आत कार्बाइडचे पट्टे बनतात, नीट ठोकलं आणि आम्ल लावलं की लहरी उठतात. घड्या घालण्याचा त्यात संबंध नाही. जपानी पोलाद तामाहागाने हे तातारा भट्टीतलं. वाळूतलं लोखंड आणि लोणारी कोळसा थरांवर थर टाकत तीन दिवस तीन रात्री भट्टी चालते, शेवटी भिंती फोडून ढेप बाहेर काढतात. त्या ढेपेत कार्बन कुठे जास्त कुठे कमी, सगळं असमान. ते सारखं करायला आणि मळ झाडायलाच घड्या. शिमानेतल्या योकोटाची भट्टी १९७७ मध्ये पुन्हा पेटवली, आजच्या लोहारांना पोलाद तिथूनच मिळतं.

आणि हजारो घड्या नव्हेत हो, हजारो थर. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. १५ घड्यांत ३२,७६८. त्याहून जास्त घड्या घातल्या तर कार्बन जळत जातो, हाती मऊ लोखंड उरतं.

---

गोंयकार_मडगांव

तलवारींपेक्षा मला त्सुबा, म्हणजे मूठ आणि पात्यामधली ती चकती, जास्त आवडते. शस्त्र कायद्याची डोकेदुखी नाही, टेबलाच्या खणात मावते आणि एकेका चकतीत अख्खं जग असतं. कट्ट्यावरची दोन मतं तरी इकडे वळवतो.

सुरुवात लोखंडी त्सुबांपासून करा. ओवारी, आकासाका, हिगो, ही घराणी. लोखंडाचा रंग गडद जांभळट-तपकिरी हवा, कडेला हाडासारखे उंचवटे दिसले तर उत्तम. ओतीव नकला ओळखायच्या तर जाळीच्या आतल्या भिंती पाहा. तिथे साच्याची शिवण किंवा फुगे दिसतात. खरी जाळी कापून कानस मारलेली असते. मधल्या छिद्राला तांब्याचे ठोकलेले तुकडे असले तर ती प्रत्यक्ष तलवारीवर बसली होती. लाल गंज हाडाच्या किंवा शिंगाच्या टोकाने खरवडा आणि सुती कापडाने घासत बसा. रसायन लावलंत की दोन-तीनशे वर्षांची झिलई गेली.

दुसरीकडे मऊ धातूंचं काम. शाकुदो हे तांब्यात थोडं सोनं घालून केलेलं मिश्रण, विशिष्ट द्रावणात उकळलं की कावळ्याच्या पंखासारखं निळसर काळं होतं. त्यावर माशाच्या अंड्यांसारख्या बारीक ठिपक्यांची जमीन ठोकतात. हे गोतो घराण्याचं राज्य. मूळ पुरुष गोतो युजो, १४४० ते १५१२. पुढे पिढ्यान् पिढ्या शोगुनांसाठी याच घराण्याने काम केलं.

आमच्या गोव्याचा धागाही जोडतो. १५४९ मध्ये झेवियर कागोशिमाला उतरला तो इथूनच निघालेला. क्यूशू बेटावरच्या ख्रिस्ती दाइम्योंनी (सरदारांनी) रोमला पाठवलेले चार जपानी तरुण परतताना १५८७ मध्ये गोव्यात होते. त्यामुळे 'नानबान', म्हणजे परदेशी वळणाच्या, शैलीची त्सुबा पाहिली की आमचे लोक लगेच पोर्तुगीज काळाशी जोडतात. जरा थांबा. बहुतेक नानबान त्सुबा पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकलल्यानंतरच्या आहेत, नागासाकीत चिनी आणि डच मालाच्या संगतीत घडलेल्या. पण त्यावरचं सोन्याचं काम बघा. लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा खरवडून त्यात सोन्याचा पत्रा ठोकतात, जपानीत नुनोमे. आपल्या कोफ्तगिरीचं तंत्र हुबेहूब तेच.

---

आग्यावेताळ

+१. आता खणात मावणारा छंद म्हटल्यावर घरातून परवानगी मिळण्याची शक्यता वाढली.

---

वाळवेकर

धागा आजच पाहिला. आमच्या पणजोबांनी दुसर्‍या महायुद्धात ब्रह्मदेशात नोकरी केली. येताना एक जपानी तलवार आणली, ती माळ्यावर आहे. मूठ पांढर्‍या खडबडीत चामड्याची, वर तपकिरी फीत गुंडाळलेली, म्यान धातूचं, हिरवट रंगाचं. दर खंडेनवमीला आजी बाहेर काढते, चिंचेने घासते, पात्याला हळदकुंकू लावते. विकायची नाही, पण ती काय आहे ते कळावं. सामुराईची असेल का?

---

निशिकासाईकर

वाळवेकर, आधी आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा आणि चिंच थांबवा. चिंच म्हणजे आम्ल, कुंकवात ओल असते. पूजा जरूर करा, कुंकू म्यानाला आणि मुठीला लावा, पात्याला नको. राख, ब्रासो, पॉलिश पेपर, यातलंही काही नको.

वर्णनावरून ती शिन-गुंतो, म्हणजे १९३४ नंतरची लष्करी अधिकार्‍याची तलवार दिसते. यात तीन शक्यता. एक, यंत्राने किंवा अर्धवट यंत्राने घडवलेलं शोवाकालीन, म्हणजे १९२६ नंतरचं, पातं. हे सगळ्यात जास्त सापडतं. दोन, त्याच काळात पारंपरिक पद्धतीने घडवलेलं. तीन, घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवलेलं. अधिकार्‍यांना स्वतःची तलवार आणायची मुभा होती, त्यामुळे तिसरी शक्यता कमी असली तरी असते.

निकाल मुठीच्या आत आहे. मुठीवर बांबूची एक किंवा दोन खुंट्या दिसतील. लाकडी किंवा पितळी काडीने बारीक बाजूकडून हलकेच ढकला. डाव्या हातात मूठ धरून पातं उभं, किंचित मागे कललेलं ठेवा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका. नाकागो सैल होऊन वर येईल. येत नसेल तर हातोडी घेऊ नका, सोडून द्या. आणि आतल्या गंजाला हात लावायचा नाही. तपकिरी-काळा गंज हाच वयाचा दाखला आहे. तो पुसलात तर ओळखही पुसली गेली.

---

वाळवेकर

वडील आणि मी मिळून काढली. सही नाही. छिद्रं दोन आहेत. नाकागोचं टोक गोल नाही, सरळ कापल्यासारखं. गंज सगळीकडे काळपट, एका छिद्राची कड मात्र चकचकीत, तीक्ष्ण. पात्याची लांबी पाठीच्या खाचेपासून टोकापर्यंत ६४ सेंमी. धारेला एक दाणा उडालेला आहे.

---

निशिकासाईकर

आता मजा आली. सरळ कापलेलं टोक आणि बिनसही, याचा अर्थ बहुधा पातं मुळात लांब होतं आणि खालून कापून आखूड केलं. सही असलीच तर कापलेल्या तुकड्यात गेली. असं पातं शोवाकाळातलं असण्याची शक्यता बरीच कमी होते. तीक्ष्ण कडेचं छिद्र लष्करी मुठीसाठी नव्याने पाडलेलं असावं, दुसरं जुनं. लोहार कोण, शतक कुठलं, हे मी फोटोवरून सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

धारेचा उडालेला दाणा गंभीर नाही. मात्र एक तपासा. अंधार्‍या खोलीत एक दिवा लावून धार इंचाइंचाने पाहा. धारेपासून आत जाणारी केसासारखी उभी चीर दिसली तर तिला हागिरे म्हणतात. तिच्यावर इलाज नाही.

स्थानिक कारागिराकडून 'चकाचक' करून घ्यायचा मोह होईल. करू नका. बफिंग मशीनवर धरलेल्या पात्याच्या कडा गोल होतात, त्या परत आणायला पोलादच झिजवावं लागतं. प्रशिक्षित माणसाचं पॉलिश लाखांत जातं आणि महिनोन् महिने लागतात, त्यामुळे त्याची घाईही नको. मऊ कापडाने जुनं तेल पुसा, हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ थर द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं.

---

मोडीवाचक

कायद्याचं मी सांगतो, पण हा वकिली सल्ला नव्हे. तलवार शस्त्र कायदा १९५९ च्या कक्षेत येते. तुमच्या भागात परवान्याची अट लागू आहे का ते अधिसूचनांवर ठरतं, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. पातं १०० वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ चा पुरावशेष कायदाही आला. अशी वस्तू पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही, अगदी तपासणीसाठीही नाही. 'एक फेरी जपानला' म्हणून परस्पर कुरियर करू नका.

---

निशिकासाईकर

मोडीवाचकांना अनुमोदन, आणि जपानची बाजूही सांगतो. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्यालाच इथे नोंदणी मिळते. यंत्राने केलेलं शोवाकालीन पातं इथे आणलंत तर ते जप्त होतं, परत मिळत नाही. त्यामुळे भारतातल्या ज्यांच्या माळ्यावर अशी तलवार आहे त्यांनी आधी नाकागो पाहावा, मग पुढचं.

वाळवेकर, चार फोटो टाका : नाकागो दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात; अख्खं पातं सरळ बाजूने, फरशीवर मोजपट्टी ठेवून; टोक जवळून; आणि धारेचा मधला भाग एका दिव्याखाली. फ्लॅश बंद. मुठीत किंवा म्यानाच्या आत चिठ्ठी, लाकडी पट्टी, शाईने लिहिलेलं नाव असं काही असेल तर काढून टाकू नका. मुठीच्या टोकाला गोंडा उरला असेल तर त्याचा रंगही कळवा. तपकिरी-निळा असेल तर मालक लेफ्टनंट-कॅप्टनच्या दर्जाचा, तपकिरी-लाल असेल तर मेजर-कर्नल.

---

वाळवेकर

गोंडा आहे! आजीने देवघरातल्या समईला बांधला होता. निळा. फोटो रविवारी टाकतो, उजेड नीट मिळाला की.

---

पोलादपूर

विषयांतराबद्दल क्षमस्व. ती तातारा भट्टी चालू असताना पाहता येते का?

---

निशिकासाईकर

चालू भट्टी हिवाळ्यातच लागते आणि बाहेरच्यांना सहसा प्रवेश नसतो. पण योकोटालाच ओकुइझुमोचं तातारा आणि तलवार संग्रहालय आहे, भट्टीचा उभा छेद तिथे मांडलाय आणि ठरावीक दिवशी लोहारकामाचं प्रात्यक्षिक असतं. तिथून पुढे उन्नानमध्ये सुगाया ताताराची जुनी इमारत अजून उभी आहे. रेल्वेने जायचं तर गाड्या फार कमी. मात्सुएहून गाडी भाड्याने घ्या.